अर्धवट घासलेला खडा

१

कवळीबाईंना दगडांचं वेड कसं लागलं असं कुणी विचारलं, की त्या सांगायच्या, दात संपले म्हणून दगड धरले. आयुष्यभर त्यांनी कवळ्या बनवल्या होत्या. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे, बाई मेण ओतायच्या, साचा करायच्या आणि घासूनपुसून चकचकीत दात परत धाडायच्या. अर्धी गल्ली त्यांच्या हातच्या दातांनी हसायची. म्हणून नाव पडलं कवळीबाई, आणि त्यांनी ते आनंदाने मिरवलं. लॅब बंद केली तेव्हा सगळं विकलं, घासायची मोटर तेवढी विकवेना. ती घरी आली, मागच्या बंद गॅलरीत एका जाड टेबलावर बसली. आता बसलीच आहे तर तिला काहीतरी काम हवं, म्हणून बाई ओपलच्या नादी लागल्या.

कच्चा ओपल म्हणजे दिसायला अगदीच बावळट चीज. मळक्या खडूचा तुकडा वाटावा. पण त्याच्या पोटात कुठेतरी रंगाचा एक पातळ थर असतो, दुधावरच्या सायीइतका. वरचा जो पांढरा, निर्जीव भाग, त्याला बाई भाकड म्हणायच्या. खडा मेणाने काडीच्या टोकाला चिकटवायचा, चाकावर पाणी सोडायचं, भाकड हळूहळू घासून काढायचं आणि रंग उघडा पडला की थांबायचं. थांबायचं, यातच सगळी गोम आहे. रंग दिसला की हात म्हणतो, अजून थोडं, खाली याहून झकास असेल. आणि अजून थोडं, अजून थोडं करता करता थर संपतो आणि हातात पुन्हा भाकड उरतं. बाईंनी असे कितीतरी चांगले खडे वाया घालवले होते आणि दर वेळी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांचे यजमान. ते बस चालवायचे. डाव्या डोळ्याला संसर्ग झाला, बुबुळावर पांढरा पडदा धरला, आणि लायसन्स गेलं. आतून सगळं वाळून गेलंय, हा डोळा आता नुसता दिसायला आहे, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं. लोक अजून त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, आणि हाक ऐकली की साहेब थोडे खट्टू होत. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून ते रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा गिअर नुसत्या आवाजावरून ओळखायचे, आणि कुणी उगाच क्लच दाबून धरला की इथे बसून त्याचा उद्धार करायचे. डावीकडचं काही बघायचं झालं तर कोंबडी दाणा बघते तशी अख्खी मान वळवायचे. डाव्या हाताशी कप ठेवला की तो फुटलाच म्हणून समजा. म्हणून बाई चहा न चुकता उजवीकडच्या स्टुलावर ठेवत.

२

खडेवाल्याचं दुकान बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. कच्चे ओपल तो पाण्याच्या बरण्यांत ठेवायचा, कारण ओला असला की रंग कळतो, आणि कोरडे पडले की काही खडे तडकतात. गिऱ्हाईक आलं की बरणीत हात घालायचा, एक खडा काढायचा, अंगठा जिभेला लावायचा आणि त्या अंगठ्याने खडा पुसून उजेडात धरायचा. खडा आधीच ओला, तरी थुंकी लागायचीच. जुन्या लोकांची खोड, म्हणायचा. लॅबमध्ये दिवसातून दहादा हात धुतलेल्या बाईंना त्याची मनापासून किळस होती. घरी आल्यावर त्या आधी खडे साबणाने धूत.

त्या दिवशी त्यांनी मूठभर खडे निवडले. खडेवाल्याने गल्ल्याच्या मागून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातला एक खडा वर घातला. एका हौशी माणसाच्या घरातून तो डबा आला होता. माणूस गेला, घरच्यांनी सगळं एकदम देऊन टाकलं. डब्यातले बाकीचे खडे एकजात पूर्ण केलेले, पॉलिश मारलेले होते. हा एवढाच अर्धवट होता.

बाईंनी खडा हातात घेतला. बदामापेक्षा थोडा मोठा, चारी बाजूंनी पांढरा, आणि एक बाजू घासून सपाट केलेली. त्या सपाट बाजूच्या अगदी कडेला रंगाची एक चीर नुकती डोकावत होती. हिरवी, आत कुठेतरी लाल. बाईंना नवल वाटलं ते चिरेचं नाही, घासणाऱ्याचं वाटलं. रंग लागायच्या आधी लोक कंटाळून सोडतात. रंग लागल्यावर थांबत नाहीत, म्हणून तर खडे वाया जातात. पण रंग नुकता दिसायला लागलाय, आणि त्याच क्षणी चाक बंद? तोंडाशी नेलेला घास ताटात ठेवून कुणी उठून जावं, तसं होतं ते.

"असा कसा सोडला याने?" त्यांनी विचारलं.

"तब्येत बिघडली असेल," खडेवाला म्हणाला आणि त्याने बरणीचं झाकण लावलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तोच खडा आधी घेतला. बाहेर साहेब डुलकी काढत होते. मोटर घूं करत होती, पाण्याची धार चाकावर पडून खालच्या ताटलीत दुधासारखी पांढरी होत होती. बाईंनी जेमतेम दोन बोटं टेकवावीत इतक्या हलक्या हाताने घासलं, खडा स्पंजने पुसला आणि दिव्याखाली धरला.

कडेची चीर आता नखाएवढी झाली होती. ओपलचा रंग एका जागी राहत नाही. खडा फिरवला की हिरव्याचा निळा होतो, लाल इकडून तिकडे पळतो, म्हणून तर माणूस त्यावर भाळतो. बाईंनी खडा फिरवला. रंग पळाले, सगळे पळाले, फक्त मधला एक पिवळसर ठिपका जागचा हलला नाही. खडा उभा धरला, आडवा धरला, ठिपका जिथल्या तिथे. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि वय झालं म्हणून आपल्याच डोळ्यांना दोष दिला.

चहा घेऊन त्या बाहेर गेल्या तर साहेब जागे होते आणि दिवसाढवळ्या दिवा का लावलास म्हणून विचारत होते. दिवा कुठेच नव्हता.

"इकडे," साहेब म्हणाले आणि त्यांनी डावा हात वर केला. "या बाजूला. पिवळा."

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, आणि तसेच बसून राहिले. मग रडायला लागले. एवढा रांगडा माणूस, गाडी बंद पडली तर भर रस्त्यात चाकाखाली आडवा होणारा, आणि उजेड दिसतोय, अगं उजेड दिसतोय, म्हणत लहान मुलासारखा रडत होता. बाईही रडल्या. चहा तसाच राहिला.

४

डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून मारून बघितलं. डोळा होता तसाच होता, पांढरा आणि मेलेला. असं होतं म्हणाले. डोळा गेला तरी मेंदूला रिकामं बसवत नाही, तो आपल्या पदरची चित्रं रंगवतो. उजेड दिसतो, खिडक्या दिसतात, कुणाला माणसंही दिसतात. घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे. साहेबांचा चेहरा एवढासा झाला. घरी येताना बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत, ड्रायव्हरने गचका देऊन ब्रेक मारला तरी नाही.

बाईंना डॉक्टरांचं म्हणणं पटलं. पटायला हवंच होतं. पण त्यांनी एक गोष्ट करून बघितली. आठवडाभर त्या खड्याला हात लावला नाही, बाकीचे खडे घासले. साहेबांचा पिवळा उजेड तेवढाच राहिला, ना वाढला ना कमी झाला. मग एका दुपारी त्यांनी तो खडा काडीला लावला आणि थोडा घासला. मोटर अजून फिरत होती तोच बाहेरून हाक आली. उजेडात उभे गज दिसतायत, खिडकी आहे, खिडकीच आहे.

बाईंनी मोटर बंद केली. त्यांनी बाहेर जाऊन जे होतं ते सरळ सांगून टाकलं, कारण नवऱ्यापासून लपवाछपवी करायची त्यांना सवयच नव्हती. साहेबांनी ऐकून घेतलं. आधी हसले. दातांपायी तुझं डोकं फिरलं नाही ते दगडांनी फिरवलं, म्हणाले.

"मग घास ना," ते म्हणाले. "वाट कसली बघतेस?"

"आणि थर संपला तर?"

"तू कशाला संपू देशील? एवढा हात बसलाय तुझा." त्यांनी उजवा डोळा झाकून पुन्हा त्या खिडकीकडे बघितलं. "मला एकदा नीट दिसू दे गं. एकदा गाडी हातात घेऊ दे, रिकाम्या मैदानात का होईना."

या माणसाने लग्नानंतर स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. बाई नाही म्हणू शकल्या नाहीत.

५

रोज थोडं. बाई घासत आणि साहेब बाहेरून सांगत. खिडकीखाली टेबल आलं. टेबलावर चाक आलं, चाकावर थेंब थेंब पडणारं पाणी आलं. आपलीच गॅलरी आहे, साहेब म्हणाले, फक्त खिडकी भलत्या बाजूला आहे. बाईंनी मनाशी हिशेब लावला. इतकी वर्षं ते दारातून आपल्याला इथे बसलेलं बघतात, मेंदू दुसरं काय रंगवणार? म्हणून टेबलाशी कुणीतरी पाठमोरं बसलंय असं साहेबांनी सांगितलं, तेव्हाही त्यांना फार धक्का बसला नाही. मीच असेन, म्हणाल्या.

"नाही. पुरुष आहे," साहेब म्हणाले. "मानेवर पांढरे केस. खडा घासतोय."

दोन दिवसांनी त्यांनी सहज सांगितलं, की तो माणूस मधूनमधून अंगठा जिभेला लावतो आणि खडा पुसतो. खडेवाल्याची ती खोड त्यांनी घरात कधी बोलून दाखवली होती का, ते त्यांना काही केल्या आठवेना. दाखवली असेल. नक्की दाखवली असेल, किळस आली की त्या बोलतातच. त्या रात्री त्यांनी खडा पाण्याच्या बरणीत टाकला आणि बरणी फळीवर मागे सारली.

साहेबांनी मात्र धोशा लावला. त्यांना भीती कशी ती वाटत नव्हती. रोज नवीन काहीतरी दिसत होतं. आज त्याचा कान दिसला, आज गालाची कड दिसली. म्हणजे तो वळतोय, हे बोलायची गरज नव्हती. बाई घासायच्या आणि तो वळायचा. बाई थांबल्या की तोही थांबायचा, हातातला खडा तसाच धरून, मान जराशी तिरकी करून.

"काय करतो तो तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"ऐकतो," साहेब म्हणाले. "तुझी मोटर परत कधी सुरू होते ते ऐकतो."

६

आता खडेवाल्याच्या त्या हौशी माणसाने चाक का बंद केलं असेल, याचा विचार बाई करायला लागल्या होत्या. तब्येत बिघडली असेल, किंवा त्याच्याही घरात कुणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं असेल आणि सांगत असेल, आज कान दिसला. किंवा पाठमोरा बसलेला तोच असेल. पुढचा विचार त्यांच्याने करवेना.

त्यांनी साहेबांना सांगितलं, की हे इथेच थांबवू. साहेब भडकले. आहे तिथे थांबलीस तर तो अर्धवट वळलेला माणूस जन्मभर माझ्या डोळ्यात बसेल, त्यापेक्षा पूर्ण कर. आणि परत अंधार मला नको. तुला काय कळणार अंधार? बाईंना ते लागलं. पण एक गोष्ट त्यात खरी होती. अर्धवट सोडून चालणार नव्हतं. राहिला एकच मार्ग, तो म्हणजे आयुष्यभर जी चूक टाळली ती या वेळी मुद्दाम करायची. थर पार घासून काढायचा. रंग संपवायचा. खाली भाकड लागलं की साहेबांचा डोळा होता तसा पांढरा होईल, आणि तो माणूस जिथून आला तिथे जाईल. साहेब बोलणार नाहीत, कदाचित महिनाभर. चालेल.

जेवण झालं, साहेबांचा डोळा लागला, आणि बाईंनी मोटर लावली. पहिल्या घासणीतच रंग पूर्ण उघडा पडला. असा खडा त्यांनी जन्मात बघितला नव्हता. कडेपासून कडेपर्यंत पेटलेला, एक डाग नाही. हात आपोआप थांबला. कुठलाही घासणारा इथेच थांबेल, पॉलिश मारेल, खडा कापसात ठेवेल आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवेल. बाईंना पोटच्या पोराला मारल्यासारखं वाटलं, पण त्यांनी खडा परत चाकाला लावला आणि दाबून धरला.

"वळला," बाहेरून साहेब म्हणाले. आवाज झोपेतला होता.

बाई दाबत राहिल्या. ताटलीतलं पाणी पांढऱ्याचं हिरवट झालं.

"उठला. अगं, उठला तो. थांब."

त्या थांबल्या नाहीत.

"थांब ना गं. दाराशी आलाय."

रंगाचे तुकडे झाले, तुकड्यांचे ठिपके झाले. शेवटी तो पिवळा ठिपका तेवढा राहिला, आणि मग तोही विझला. हातात भाकड होतं, मळक्या खडूसारखं. बाईंनी मोटर बंद केली आणि धावत बाहेर गेल्या. साहेब खुर्चीत ताठ बसले होते, तोंड भिंतीकडे.

"गेलं," ते म्हणाले. "सगळं गेलं."

बाई त्यांच्या पायाशी बसल्या आणि ढसाढसा रडल्या. माफ करा म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

७

पुढचे दिवस शांत गेले. साहेब रागावले नव्हते, हेच खरं तर बाईंना अवघड वाटत होतं. वेळेवर जेवत, वेळेवर झोपत. बस गेली तरी गिअर ओळखत नसत, पण दुःख असं बाहेर पडतं, एखाद्या गोष्टीतून मन उडतं, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. गॅलरीला त्यांनी कडी घातली होती. आता दगड पुरे, विणकाम करीन, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं.

एका संध्याकाळी त्या चहा घेऊन आल्या. उजवीकडच्या स्टुलावर वाळलेले कपडे पडले होते. बाईंचं लक्ष नव्हतं, कप डाव्या हाताशी ठेवून त्या वळल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर त्यांना ते सुचलं आणि त्या कप फुटायचा आवाज ऐकायला तशाच थांबल्या.

आवाज आला नाही. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

बाई परत आल्या आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. साहेबांनी कप खाली ठेवला, बरोबर होता त्या जागी. मान जराही वळली नव्हती. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं. ते भाकड होतं. बाईंनी ते मोटरखालच्या कचऱ्यात टाकलं होतं आणि दाराला बाहेरून कडी होती. साहेबांनी, ज्यांनी आजवर बायकोच्या एका खड्याला बोट लावलं नव्हतं, अंगठा जिभेला लावला, भाकड पुसलं आणि डाव्या डोळ्यासमोर धरलं.

"घाई केलीत, बाई," ते म्हणाले. आवाज साहेबांचाच होता, मधलं खाकरणंसुद्धा त्यांचंच. "संपलेला नाहीये. मागच्या अंगाने लावायला हवा होता. अजून थोडं आहे."

बाईंनी खाली वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. डाव्या डोळ्यावरचा पडदा गेला होता. डोळा धुतल्यासारखा स्वच्छ होता आणि मन लावून खडा बघत होता. उजवा डोळा खडा बघत नव्हता. तो नाकाच्या कडेला, सरकता येईल तितका बाईंच्या बाजूला सरकला होता. मान त्याला साथ देत नव्हती, तरी तो त्यांनाच शोधत होता, आणि त्यातून पाणी वाहत होतं.

"अहो," बाई अगदी हळू म्हणाल्या.

उजवा डोळा मिटला आणि उघडला. एकटाच.

बाई बराच वेळ तशाच वाकून उभ्या होत्या. बाहेर एक बस दुसरा गिअर न टाकताच चढावर घरघरत गेली, आणि खुर्चीतून कुणी त्या ड्रायव्हरचा उद्धार केला नाही. मग, रंग थोडा उरलाय तर साहेबांना परत आणायची वाटही तिथूनच असेल, असं धरून बाईंनी त्या हातातून भाकड घेतलं, गॅलरीची कडी काढली, मेण तापवलं आणि खडा काडीला चिकटवला. मेण बरोबर जागी बसलं. त्यांनी पाणी सोडलं आणि मोटर लावली.

"कुठून लावू?" त्यांनी विचारलं.

पाठीमागून, अगदी खांद्याजवळून, एक हात पुढे आला आणि त्याने ओल्या अंगठ्याने जागा दाखवली.